पापणीची पारख

धुकं एकदा उतरलं ते उठायचं नावच घेईना. सकाळी दार उघडलं की अंगणातला हौद दिसत नसे, मग हौदापलीकडचं बदकवाल्याचं कुंपण तर सोडाच. बदकं ओरडायची, पण आवाज कुठून येतोय ते कळायचं नाही. कधी डावीकडून, कधी थेट पाठीमागून, आणि वळून बघावं तर नुसतं पांढरं. आमच्या धंद्याला धुकं म्हणजे पोटावर पाय. बदकाची अंडी उबवायला घ्यायची तर आधी चटईवर पसरून त्यांना ऊन दाखवावं लागतं, आणि ऊन कशाशी खातात ते त्या दिवसांत आम्ही विसरूनच गेलो होतो.

आमचं घर तीन खोल्यांचं. त्यातली सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत उबदार खोली अंड्यांची. माणसं उरलेल्या दोनांत. लग्न होऊन आले तेव्हा हे बघून मला हसू फुटलं, तर सासूबाईंनी तिथल्या तिथे विचारलं, "हसतेस काय? या घरात कमावतं कोण, तू का ती?" तेव्हापासून मी अंड्यांशी बरोबरी करायच्या भानगडीत पडले नाही.

त्या खोलीला खिडकी नाही. भिंतीलगत उंच टोपल्या, त्यांच्याभोवती भाताचं तूस गच्च भरलेलं आणि टोपल्यांत फडक्यात बांधलेली अंड्यांची गाठोडी. नव्या गाठोड्यांच्या मधे भाजलेल्या तुसाच्या गरम पिशव्या ठेवायच्या. तूस भाजायचं काम आमच्या ह्यांचं. अंड्यातला जीव वाढला की त्याला स्वतःची ऊब येते, मग जुनं गाठोडं नव्याला टेकवून ठेवलं की जुनंच नव्याला तापवतं. शेवटी शेवटी अंडी खाटेवर काढतो, खाली तूस, वर गोधड्या. तिथे पिल्लं आतून टोचायला लागतात. अंधारात त्या खाटेशेजारी उभं राहिलं की सगळीकडून बारीक टकटक ऐकू येते, आणि आपण एकटे नाही हे अंगावर येतं. इतकी वर्षं झाली, मला अजून सवय झालेली नाही.

ऊब मोजायची ती पापणीने. अंडं उचलायचं, डोळा मिटायचा, पापणीवर टेकवायचं. कमी वाटली तर गोधडी वाढवायची, जास्त वाटली तर काढायची. हाताला घट्टे पडलेले असतात, हात खोटं सांगतो. पापणी खोटं सांगत नाही, असं सासूबाई म्हणायच्या. लोक त्यांना डोळेवाली म्हणत आणि ते काही उगाच नाही. एक डोळा मिटून त्या अंडं टेकवायच्या तेव्हा दुसरा उघडाच असायचा, पण त्या डोळ्याने त्या काही बघत नसत. तुम्ही पुढ्यात उभे असलात तरी तो तुमच्या आरपार जायचा. मग ओठ हलायचे, "आहे." किंवा, "गेलं." गेलं म्हटलेलं अंडं दाराजवळच्या टोपलीत जायचं आणि तिथून बदकवाल्याकडे. तो ते त्याच्या तळ्यातल्या माशांना घालायचा. त्यावर चर्चा नाही.

मलाही त्यांनीच शिकवलं. घरात दुसरा डोळा माझा. फक्त पोटुशी असताना लावायचा नाही, असा दंडक. पोट राहिलं की बाईच्या अंगातली ऊब बदलते आणि पापणी बिघडते, असं त्यांचं म्हणणं. मला तो दंडक दोनदाच पाळावा लागला होता, आणि दोन्ही वेळा थोडेच दिवस.

त्या धुक्यात मला गरगरायला लागलं. अंड्यांच्या खोलीत पाऊल टाकलं की पोटात ढवळायचं. धुराने होत असेल, पित्त असेल, असं म्हणत म्हणत मी दिवस काढले. शेवटी एकदा भाजलेल्या तुसाची पिशवी हातातून पडली आणि पायावर सांडली. मलम आणायला म्हणून दवाखान्यात गेले, तर तिथल्या नर्सबाईंनी पायाऐवजी माझ्या तोंडाकडेच बघितलं.

"पाळी कधी आली होती?"

"ती आता कुठली यायला! चाळिशी लागली मला. गेली असेल."

"गेली असेल म्हणजे? पाहुणी आहे का ती, न सांगता निघून जायला?" त्यांनी एक पट्टी माझ्या हातात कोंबली. "घरी जाऊन हे बघ. मग गोळ्या देते."

मी न्हाणीत कडी लावून बघितलं. दोन रेघा उमटल्या. मी पट्टी उलटी करून बघितली. उलटी करून काय बदलणार होतं, पण केली. मग उजेडाकडे धरली, आणि उजेड तरी कुठला, झरोक्यातून धुकंच आत येत होतं. दोन्ही रेघा तिथेच. कुणाला वाटेल मला आनंद झाला असेल. खरं सांगू, माझ्या काळजात धस्स झालं. पोटातल्याची भीती नव्हती. भीती होती ती भिंतीपलीकडे बसलेल्या पापणीची.

तेवढ्यात भिंतीपलीकडून सासूबाईंचा आवाज आला. "आत कोण आहे गं तुझ्याबरोबर?"

"कुणी नाही आत्या. मी एकटीच."

"हो का?" मग त्या खोकल्या. "मला वाटलं दोघी आहात."

ती पट्टी मी तूस भाजायच्या चुलीत घातली आणि ती पुरती जळेपर्यंत तिथून हलले नाही.

मागच्या दोन्ही वेळचं सांगायला हवं. दोन्ही वेळा मला दिवस राहिले, मी आपणहून सांगितलं, आणि सासूबाईंनी माझा पदर बाजूला करून पोटाला पापणी लावली. दोन्ही वेळा त्या बराच वेळ तशाच राहिल्या. मग म्हणाल्या, "थंड आहे गं, पोरी." दोन्ही वेळा त्यांनी काळ्या मुळ्या उकळल्या, मी तो काढा प्याले आणि सगळं वाहून गेलं. त्या माझ्यापेक्षा जास्त रडल्या. डोकं मांडीवर घेऊन त्यांनी मला थोपटलं, माझे कपडे धुतले. दुष्टपणाने केलं असतं तर मला भांडता आलं असतं. त्यांची धाकटी बहीण पोटात मेलेलं मूल घेऊन गेली होती, कुणाला कळलंच नाही म्हणून. "मेलेलं आत राहिलं तर आईला नेतं," हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं होतं. त्यामुळे त्या म्हणाल्या थंड, की ते थंड. मी तरी कुठे शंका घेतली होती?

या खेपेला मी ठरवलं की सांगायचंच नाही. पोट दिसायला लागेल तेव्हा बघू. तोवर तिला, त्याला, जे असेल ते, त्या पापणीपासून लांब ठेवायचं. दुसरी इच्छाच नव्हती मला. देवाकडे मुलगा मागतात, मुलगी मागतात, मी नुसतं लपवायचं बळ मागत होते.

पण अंडी लपू देईनात. दंडकाप्रमाणे मी पापणी लावायला नको होती, आणि लावली नाही तर सासूबाईंनी लगेच कारण विचारलं असतं. म्हणून मी लावत राहिले. आणि मला खाटेवरची अंडी गरम लागायला लागली. थोडीथोडकी नाही, चांगली चटका बसेल अशी. मी एक गोधडी काढून कोपऱ्यात घडी घालून ठेवली. तुसाच्या पिशव्या बदलून परत आले तर गोधडी खाटेवर. पुन्हा काढली. पुन्हा खाटेवर, आणि तिच्यावर आणखी एक.

"कोण काढतंय गोधड्या?" सासूबाईंनी विचारलं. त्यांनी स्वतःच्या अंगावर दोन शाली घेतल्या होत्या आणि तरी दात वाजत होते. "बर्फ झालाय नुसता. या धुक्याने हाडात थंडी शिरलीय माझ्या, अंड्यांची काय कथा!"

"मला बऱ्या लागल्या," मी चाचरत म्हटलं.

त्यांनी एक अंडं उचलून पापणीला लावलं. उघडा डोळा माझ्यावर होता. "तुझ्या डोळ्याला काय झालंय?"

"काही नाही."

"मग गार आहे ते गरम कसं लागतंय तुला?"

आणखी एक शब्द बोलले असते तर सगळंच बोलावं लागलं असतं. मनात आलं, त्यांचंच खरं असेल, दंडक उगाच नसेल, माझी पापणी बिघडली असेल. आमचे हे दारात उभं राहून ऐकत होते. ते म्हणाले, "गोधड्यांना पाय फुटलेत म्हणायचे." कुणीच हसलं नाही.

मग सासूबाईंनी अंडी काढायचा सपाटाच लावला. गेलं. गेलं. हेही गेलं. खाटेच्या कडेची, मधली, कुठलीही. दाराजवळची टोपली भरली, दुसरी आणली. उरलेल्यांवर गोधड्यांचा ढीग चढला आणि तूस रात्रंदिवस भाजणं सुरू झालं. आमच्या ह्यांच्या भुवया जळून गेल्या. बदकवाला धुक्यातून कुंपणाशी आला, आधी त्याचा खोकला आला आणि मग तो. टोपल्या बघून त्याने कपाळाला हात लावला.

"डोळेवाली, यंदा पिल्लं मला देणार का माशांना?"

"माझ्या हातात आहे का ते?" सासूबाई म्हणाल्या. "उद्या येऊन घेऊन जा टोपल्या."

त्याच दिवशी दुपारी खोलीतली पिशवी बदलता बदलता मला असह्य झोप आली. या दिवसांत येते तशी, गुडघ्यातून वर चढणारी. खाटेशेजारी तुसाच्या पोत्याला टेकून मी जरा डोळे मिटले.

जाग आली ती पोटावर काहीतरी जड आहे म्हणून. आधी वाटलं मांजर. मग पोटाच्या कातडीवर काहीतरी हललं, अगदी हलकं, बारीक केसांसारखं, एकदा खाली आणि एकदा वर. पापणीचे केस होते ते. सासूबाई माझ्याशेजारी आडव्या झाल्या होत्या, माझा पदर बाजूला होता आणि त्यांचा एक डोळा माझ्या पोटाला चिकटलेला होता. दुसरा उघडा होता. तो माझ्या तोंडाकडे लागला होता, पण मला बघत नव्हता.

मला ओरडता येईना. हात उचलता येईना. ती पापणी मला पोळत होती, एवढंच कळत होतं. भीतीने माणसाला काय वाटेल त्याचा नेम नाही, म्हणून मी त्याकडे लक्ष दिलं नाही. खोलीत आवाज नव्हता. खाटेवरून टकटक येत असायची ती बंद होती. इतकी सामसूम मी त्या खोलीत कधी ऐकली नव्हती.

पुन्हा एकदा ते केस हलले. मग त्या उठून बसल्या आणि माझा पदर नीट केला.

"थंड आहे गं, पोरी," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "का नाही सांगितलंस? असं लपवतात का? ते आत कुजलं असतं आणि मी बसले असते अंडी चाचपत."

त्या भिंतीला धरत धरत बाहेर गेल्या. थोड्या वेळाने मुळ्या ठेचल्याचा आवाज आला.

मी परसात गेले. हे कढईतलं तूस उलथन्याने हलवत होते. धूर आणि धुकं यांतलं कुठलं कुठलं ते कळत नव्हतं, मला त्यांचे फक्त हात दिसत होते.

"अहो, मला दिवस गेलेत."

"कुठे गेले?"

"अहो, कुठे म्हणजे काय!"

उलथनं थांबलं. मग ते हसले, असे हसले की मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. "काय सांगतेस! या वयात? लोक तोंडात बोटं घालतील की गं!" मग माझा चेहरा त्यांना दिसला असावा. "आईला कळलं?"

"कळलं. थंड आहे म्हणाल्या."

ते होते तिथेच उकिडवे बसले. कढईतलं तूस करपायला लागलं तरी त्यांना भान नव्हतं. "आता गं?"

"आता काय? मुळ्या ठेचतायत."

"आईचा डोळा कधी चुकत नाही," ते म्हणाले. मला समजावत नव्हते ते. स्वतःलाच बजावत होते आणि त्यांचा आवाज फुटत होता.

माझं डोकंच फिरलं. "तुम्हाला कसं माहीत, चुकत नाही ते?"

"म्हणजे काय? सगळ्यांना माहीत आहे."

"कसं? त्या म्हणाल्या गेलं, की अंडं टोपलीत. टोपली माशांना. तुमच्या जन्मापासून आजपर्यंत यातलं एक तरी अंडं या घरात कुणी फोडून बघितलंय?"

त्यांनी विचार केला. खरंच केला. कढईकडे बघत बसले. "कशाला फोडायचं?" शेवटी म्हणाले. "गेलेलं फोडलं तर घरभर वास सुटतो."

"सुटू दे," मी म्हटलं, आणि माझं मलाच नवल वाटलं. मला एकदम ती पोळलेली जागा आठवली. पोटाला हात लावून बघितला. पोट माझ्या हाताइतकंच होतं, ना गार ना गरम. मग पोळलं काय?

सासूबाई दारात आल्या. हातात पेला, पेल्यातून वाफ निघत होती. तो वास मला ओळखीचा होता.

"निवायच्या आत पी," त्या म्हणाल्या. "आज त्रास होईल, उद्या मोकळी होशील. मी बसते रात्रभर उशाशी."

"पिते आत्या. आधी टोपलीतलं एक अंडं फोडते."

"कशाला?"

"बघायला."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना राग आला नव्हता, कीव आली होती, आणि तीच मला सहन होईना. "फोड," त्या म्हणाल्या. "मग वास सुटला म्हणून मला बोल लावू नकोस."

मी दाराजवळच्या टोपलीपाशी बसले. वरचंच अंडं उचललं. पापणीला लावलं. मला ते ऊबदार लागलं, पण माझ्या पापणीवर त्या घडीला माझाच भरवसा नव्हता. उंबऱ्यावर टेकवून मी त्याला चीर पाडली आणि नखाने कवच सोललं. आतलं पांढरं सालटं फाटलं आणि चोच बाहेर आली. चोच उघडली. मिटली. पुन्हा उघडली. पिल्लू ओलंगिच्च होतं, सालीच्या शिरांतून रक्त येत होतं. माझ्या तळव्यावर त्याने मान उचलायची धडपड केली.

ह्यांच्या तोंडून नुसता "अगं आई गं" एवढाच शब्द निघाला.

"एखादं राहिलं असेल," सासूबाई म्हणाल्या.

"मग खाटेवरचं एक द्या. तुमच्या हाताने निवडून द्या, चांगलं."

त्या आत गेल्या. गोधड्या उलटून, वेळ घेऊन, त्यांनी एक अंडं शोधलं, पापणीला लावलं. "आहे," त्या म्हणाल्या, आणि ते ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी ते दगडावर आपटलं. आतलं पिल्लू पूर्ण वाढलेलं होतं, पिसांसकट, पाय पोटाशी घेतलेलं. ते हललं नाही. बोट लावलं तर उकडल्यासारखं घट्ट. त्याच्यातून वाफ आली.

आता मी उठले आणि सासूबाईंच्या कपाळाला हात लावला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना न विचारता हात लावला. कढईला लावावा तसा चटका बसला. किती दिवसांचा ताप होता तो, देव जाणे. थंडी वाजते म्हणून त्या शाली घेत होत्या आणि धुकं आहे म्हणून आम्ही कुणी विचारत नव्हतो. तापलेल्या पापणीला सगळं जग गारच लागणार. अंडी गार, खोली गार, माझं पोट गार.

"आत्या, तुम्ही फणफणलाय," मी म्हटलं. "गार काही नाहीये. तुम्हीच तापलाय."

त्यांनी स्वतःच्या कपाळाला हात लावून बघितला. तापलेल्या हाताला तापलेलं कपाळ काय कळणार! "मला तर काही लागत नाही," त्या म्हणाल्या. तोवर माझ्या तळव्यावरचं पिल्लू मान टाकून निपचित झालं होतं. ते तसं अवेळी बाहेर काढल्यावर जगणार नव्हतंच, हे मला फोडतानाच माहीत होतं. तरी मला त्याचं फार वाईट वाटलं. मी त्याला खाली ठेवलं, सासूबाईंच्या हातातला पेला काढून घेतला आणि काढा परसातल्या चरीत ओतून दिला. त्या नको म्हणाल्या नाहीत.

पुढचे दिवस धावपळीत गेले. खाटेवरच्या गोधड्या आम्ही ओरबाडून काढल्या, पण तिथलं जवळपास काहीच वाचलं नाही. वाचली ती टोपल्यांतली. दाराच्या गारव्यात पडून ती आपल्याच उबेवर तग धरून होती. सासूबाईंनी गेलं म्हणून बाहेर काढलेली अंडी आम्ही पुन्हा आत घेतली आणि ती एकामागून एक फुटली. बदकवाला तोंड उघडं टाकून बघत राहिला. "मेलेली पिल्लं चालतायत की!" तो म्हणाला आणि आपण काय बोललो ते कळून त्याने जीभ चावली.

नर्सबाई घरी येऊन सासूबाईंना सुई टोचून गेल्या. मला ह्यांनी गाडीत घालून शहरातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथे अंधाऱ्या खोलीत माझ्या पोटावर काहीतरी गार लावलं, यंत्र फिरवलं आणि खोलीभर आवाज भरला. भराभर, दमलेल्या माणसासारखा. मी विचारलं, "हे काय?" त्या म्हणाल्या, "तुमच्या बाळाचं काळीज." ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला रडायला आलं नाही. मी आवाज बंद करू नका म्हणाले आणि त्यांनी तो आणखी थोडा वेळ ऐकू दिला.

सासूबाईंचा ताप उतरला, पण अंड्यांच्या खोलीत त्या परत गेल्या नाहीत. धुकं विरलं, ऊन आलं, आम्ही नवी अंडी पसरली, आणि त्या उंबऱ्यावर बसून असायच्या. नव्याने फुटलेली पिल्लं कुणाच्या मागे लागतील सांगता येत नाही. ही टोपल्यांतली त्यांच्याच मागे लागली. त्या उठल्या की रांग उठायची. त्या हौदाकडे गेल्या की रांग हौदाकडे. त्यांनी हाकललं तर थोडी मागे सरकून उभी राहायची, सगळी एकदम, आणि त्यांच्याकडे बघत राहायची. एकदा मी बघितलं, त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि पिल्लं त्यांच्या पाठीला टेकून बसली होती. त्यांनी कानांवर हात ठेवले होते.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. पहिल्यांदा मी भाजी निवडत होते तेव्हा.

"अगं, त्या वेळी मला ताप होता का?"

"कुठल्या वेळी?" मी विचारलं, कळलं होतं तरी.

"पहिल्या वेळी. आणि त्याच्यानंतरच्या."

"आठवत नाही आत्या."

"तुला आठवेल. तू आठवून बघ. उन्हाळा होता ना पहिल्या वेळी? मी डोक्यावर पाणी घेत होते का?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जेवताना, केर काढताना, कपडे वाळत घालताना. मी खोकत होते का? शाल होती का अंगावर? हे वैतागून म्हणायचे, "आई, जाऊ दे ना आता, गेलं ते गेलं." तो शब्द ऐकून त्या अशा बघायच्या की ह्यांनी तो पुन्हा उच्चारला नाही. मला खोटं बोलता आलं असतं. तुम्ही ठणठणीत होतात आत्या, ती दोघं थंडच होती. काय बिघडणार होतं? म्हाताऱ्या जिवाला झोप लागली असती. अनेकदा ओठांवर आलं.

माझं पोट चांगलं दिसायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. मी अंगणात अंडी उन्हात पालटत होते. त्या शेजारी येऊन बसल्या, मागे ती सगळी पिल्लं, आता चांगली मोठी बदकं झालेली. त्या कितीतरी वेळ माझ्या पोटाकडे बघत होत्या. आत पोर लाथा मारत होतं, साडीवरूनसुद्धा दिसत होतं.

"ती दोघं गरम होती का गं?" त्यांनी विचारलं. या खेपेला आवाजात घाई नव्हती.

"माहीत नाही आत्या," मी म्हटलं. "ती आपण फोडून बघितली नाहीत. तुम्ही दिलंत आणि मी प्याले."

त्यांनी मान हलवली. हळूच हात पुढे केला, माझ्या पोटाच्या दिशेने. घट्टे पडलेला, सालपटलेला हात. तो मधेच थांबला आणि त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. परवानगी मागत होत्या. दोन्ही डोळे उघडे होते आणि दोन्हींनी त्या मलाच बघत होत्या.

तो हात धरून मी पोटावर ठेवायला हवा होता. त्यांनी मला मांडीवर घेऊन थोपटलं होतं, माझे कपडे धुतले होते, सगळं मला आठवत होतं. मी पदर ओढून घेतला आणि पुढची अंडी पालटायला लागले.